दाराकडे हात

ओल्या कागदाच्या गुंडाळीतले सोयाबीनचे कोंब मोजत असताना सुमेधाच्या एप्रनच्या खिशात फोन थरथरला, आणि तिने तो तसाच ओल्या बोटांनी बाहेर काढला. काकासाहेबांचा निरोप होता. काकासाहेब म्हणजे चर्चमधले वडीलधारे पंच, एखादं काम अंगावर घेतलं की दुसऱ्याला शिवू न देणारे. बाबांच्या कबरीवरच्या दगडाचं कामही त्यांनी असंच आपण होऊन ओढून घेतलं होतं. त्यांनी एक फोटो धाडला होता. घासून गुळगुळीत केलेला काळा दगड, आणि त्यावर अतिक पाथरवटाने खडूने आखलेली अक्षरं. वर बाबांचं नाव, पाळक वसंत खरात. त्याखाली जन्म आणि मृत्यू. आणि त्याखाली जरा मोठ्या, जरा वळणदार अक्षरांत, ‘दार लोटून ठेवा, कडी लावू नका. कोणीतरी यायचं आहे.’ शेवटी आडवी रेघ ओढून ‘पाळकबाबा’. ‘अक्षरं बराबर आहेत का तेवढं बघा ताई, म्हंजे अतिक छिन्नी लावतो,’ असं खाली लिहिलेलं. अक्षरं बरोबर होती, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त ते वाक्य बाबांचं नव्हतं. ते सुमेधाने रचलं होतं, भर उपासनेत, बाबांच्या खुर्चीशेजारी उभं राहून, आणि ही गोष्ट अख्ख्या जालन्यात तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती. निदान तिची तशी समजूत होती.

तिने फोन खिशात टाकला. काय लिहिणार होती? ‘बरोबर आहे’ लिहावं तर ते दगडावर कोरलं जाणार, आणि दगडावर एकदा कोरलं की ती असो नसो, बाबा त्याच वाक्याखाली झोपून राहणार. ‘थांबा’ लिहावं तर काकासाहेब विचारणार, का. ती पुन्हा कोंब मोजायला लागली आणि आकडा चुकला, परत पहिल्यापासून मोजू लागली आणि परत चुकला. एमआयडीसीतल्या या बियाणं कंपनीत ती उगवणशक्ती तपासायच्या खोलीत काम करायची. इथून पास झालेला माल पलीकडे पिशव्यांत भरला जायचा आणि त्या पिशवीवर ‘सत्यदर्शक’ असं छापलेलं लेबल चिकटायचं. म्हणजे लेबलावर जे लिहिलंय तेच आत आहे, एवढाच त्या भारदस्त शब्दाचा अर्थ. नवीन लागली तेव्हा तिला त्या शब्दाचं फार अप्रूप वाटलं होतं, घरी येऊन बाबांना सांगितलंही होतं, आणि बाबा हसून म्हणाले होते, की माणसावर असं लेबल लावायचं म्हटलं तर आपल्या मंडळीत पिशव्या रिकाम्याच राहतील. हे मात्र नक्की बाबांचंच वाक्य. ते कुणी दगडावर कोरणार नव्हतं. बाजूच्या लोखंडी सळयांच्या री-रोलिंग मिलचा धडधडाट भिंतीतून येत होता, आणि तिला वाटून गेलं, की बाबा बोलत होते तेव्हाचं किती थोडं आपल्याजवळ उरलंय. चहात बिस्किट बुडवताना काय म्हणायचे, एसटीत खिडकीजवळ बसल्यावर काय म्हणायचे, सगळं विरून गेलं. आठवायला गेलं की मध्ये ते एकच वाक्य येऊन उभं राहायचं, तिचं स्वतःचं, बाबांचा आवाज घालून.

आणि गंमत बघा, गेल्याच रविवारी ती चर्चमधल्या प्रौढांच्या वर्गाला योहानाविषयी शिकवत होती. पत्राने शिकून तिने धर्मशास्त्राची परीक्षा दिली होती, म्हणून हा वर्ग तिच्याकडे आला होता. बायबलातलं चौथं शुभवर्तमान येशूचा शिष्य योहान प्रेषित याने लिहिलं असं आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो, ती म्हणाली होती, पण मूळ पुस्तकात लिहिणाऱ्याचं नावच नाही. ‘ज्याच्यावर प्रभूची प्रीती होती तो शिष्य’ एवढंच आहे. नाव मागाहून, परंपरेने लागलं. बरेच अभ्यासक म्हणतात, की योहानासारख्या गालीलातल्या साध्या कोळ्याने स्वतः हे लिहिलं नसावं. त्याच्या भोवतालच्या माणसांनी, त्याच्या शिष्यांनी, त्याच्याकडून ऐकलेलं जपलं, वाढवलं आणि लिहून काढलं असावं. अगदी शेवटी तर कुणीतरी दुसराच ग्वाही देतो, की याची साक्ष खरी आहे. काकासाहेब चष्मा काढून पुसत म्हणाले, "मंग ताई, आम्ही इतकी वर्षं कोणाचं वाचून राह्यलो होतो?" आणि झुंबरबाई, जी वर्गाला फक्त पंख्याखाली बसायला यायची, ती म्हणाली, "ज्यानं लिवलं त्याला वाईट न्हाई का वाटलं, आपलं नाव न्हाई म्हून?" सगळे हसले होते. सुमेधाने तेव्हा सांगितलं होतं, की शिष्य आपल्या गुरूच्या तोंडी शब्द घालतो तेव्हा तो लबाडी करत नाही, गुरू गप्प झाला हे त्याला सोसत नाही म्हणून तो बोलतो. वर्गाला ते पटलं होतं. पटणारच, त्यांना वाटत होतं ती योहानाबद्दल बोलतेय. ती आपलं वकीलपत्र आपणच घेऊन उभी होती, आणि न्यायाधीशांच्या जागी पंख्याखाली झुंबरबाई.

बाबा धडधाकट होते तेव्हा त्यांचा एक आवडता दाखला होता. म्हातारपणी योहानाला चालवेना, फारसं बोलवेना, तेव्हा लोक त्याला उचलून सभेत न्यायचे, आणि तो दर वेळी एवढंच म्हणायचा, लेकरांनो, एकमेकांवर प्रीती करा. कंटाळून कुणी विचारलं, की बाबा, रोज तेच तेच का, तर म्हणाला, एवढं केलं तरी पुष्कळ झालं. हा दाखला शुभवर्तमानातला नाही, जुन्या लोकांच्या सांगण्यातला. पण बाबा तो सांगायचे तेव्हा खुर्ची उचलणाऱ्यांचे खांदे दुखल्याचाही अभिनय करायचे आणि मंडळी खुदूखुदू हसायची. पुढे बाबांनाच लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तोंडातून आवाज यायचा, पण तो शब्द होण्याच्या आतच लाळेत विरघळून जायचा. आणि मंडळीच्या मनात काय यावं? तोच दाखला आला. काकासाहेबच पहिल्यांदा म्हणाले, की आपले पाळकबाबा आता आपले योहान, आपण त्यांना उचलून आणू. लाल प्लास्टिकची हाताची खुर्ची, दोन्ही बाजूंनी दोन दांडगी माणसं. त्या पहिल्या रविवारी बाबांना वेदीपाशी ठेवलं, तिने शेजारी उभं राहून त्यांच्या हनुवटीला रुमाल लावला, आणि सगळी मंडळी श्वास रोखून बघत राहिली, की आता बाबा काय बोलतात. बाबांनी आवाज काढला. डावा हात उचलला आणि समोरच्या दाराकडे केला. पुन्हा आवाज, पुन्हा हात दाराकडे. लोक सुमेधाकडे बघायला लागले. ती त्यांची लेक, तिला कळत असणार. तिला काही कळलं नव्हतं. पण ते तोंड उघडून वाट बघणारे चेहरे, आणि मध्ये तो केविलवाणा हात, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा म्हणतात, दार लोटून ठेवा, कडी लावू नका. कोणीतरी यायचं आहे." चर्चमध्ये हुंदका फुटला. एक नव्हे, चारी बाजूंनी. बाबांनी तिच्याकडे मान वळवून बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, बरोबर ओळखलं आपण.

मग दर रविवारी तेच. खुर्ची यायची, बाबा हात दाराकडे करायचे, लोक तिच्याकडे बघायचे, ती म्हणायची. नंतर नंतर तर तिच्याआधी लहान पोरंच कुजबुजायची. ते वाक्य वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये गेलं, वडीगोद्रीच्या एका घराच्या चौकटीवर रंगवलं गेलं, कुणाच्या लग्नपत्रिकेवर छापलं गेलं, खाली ‘पाळकबाबा’. जोवर येणारा येत नाही तोवर बाबा जाणार नाहीत, असंही झुंबरबाईने पसरवून दिलं. त्या प्रीतीच्या शिष्याबद्दलही अशीच बोलवा उठली होती म्हणे, की हा मरायचा नाही. आणि तो मेला तेव्हा लोकांची किती त्रेधा उडाली असेल, हे सुमेधाला बाबा गेले त्या दुपारी कळलं. कोणी आलं नव्हतं. फक्त बाबा गेले होते. लोक तरी तिचा हात हातात घेऊन सांगत होते, बाबांचं ते वाक्य आहे ना आपल्याजवळ. ती मान हलवायची. दुःखसुद्धा धड तिच्या वाट्याला आलं नाही, कारण रडायला बसलं की आत कुणीतरी म्हणायचं, लबाड, आधी ते वाक्य परत कर.

तर आज आईला सांगायचं, असं तिने टेम्पोंच्या धुरातून स्कूटी काढत घरी येईपर्यंत पक्कं केलं. आई ओट्याजवळ पाटावर बसून मेथी निवडत होती. पुष्पाबाई फार बोलणारी बाई नव्हे. पाळकाच्या बायकोने फार बोलू नये असा त्या काळचा दंडक, आणि नंतर सवयच झालेली. चर्चमध्ये बायकांच्या बाजूला खांबाशी बसायची, गाताना नुसते ओठ हलवायची. सुमेधाने चप्पल काढली, तशीच येऊन तिच्यासमोर बसली आणि फोटो दाखवला. आईने तो लांब धरून अक्षर अक्षर लावत वाचला.

"चांगली काढली अक्षरं," आई म्हणाली.

"आई, हे बाबा कधीच बोलले नाहीत. मी रचलं होतं ते. मला ते काय म्हणतात कळायचंच नाही. पहिल्या दिवशीसुद्धा कळलं नव्हतं."

आईने एक काडी खुडली, पानं परातीत टाकली.

"तू कशाला रचशील," ती म्हणाली, "मी म्हणायची ते. तुझे बाबा भोकरदनकडच्या खेड्यांत उपासना घेऊन शेवटच्या गाडीनं यायचे. तू दार लावाय उठली की मी म्हणायची, दार लोटून ठेव, कडी नको लावू, यायचे हायेत अजून. रोजचंच व्हतं. तुला ध्यानात न्हाई?"

ध्यानात नव्हतं, आणि ती ऐकत असतानाच यायला लागलं. जुन्या घराच्या दाराखालची फट, दिवेलागणीनंतर तिथून आत येणारी धूळ, आईच्या पदराला लागलेला भाकरीचा वास, आणि अंथरुणातून ऐकलेला तो आवाज, अर्धा झोपेत, अर्धा बाहेर कान लावलेला. ते वाक्य तिच्यात तेव्हापासून पडून होतं. इतकी वर्षं चोरी आपण केली असं समजून ती स्वतःला खात होती, आणि चोरलेला माल कुणाचा हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. खांबाशी बसून आई दर रविवारी आपलंच बोलणं नवऱ्याच्या नावावर ऐकत होती. सुमेधाला आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं असतं तर तिथेच सगळं निभावलं असतं. पण तिने विचारलं.

"मग बाबा काय म्हणत होते? हात दाराकडे करायचे ते?"

आईने परात बाजूला सरकवली.

"घरी चल म्हणायचे," ती म्हणाली. "दुसरं काय? भायेर न्या मला, घरी न्या. लाज वाटायची त्यांला. ज्या जागेवरून बोलले जन्मभर, त्याच जागेवर लाळ गळून राह्यलेली, आन् समदी बघून राह्यलेली."

"तुला माहीत होतं?"

"बायको व्हते मी त्यांची."

"मग तू बोलली का नाहीस?"

"कसं बोलू? तू उभी व्हतीस तिथं. लोकं रडत व्हते, तुझं तोंड असं उजळल्यालं. आन् खरं सांगू का," आईचा आवाज इतका खाली गेला, की सुमेधाला पुढे वाकावं लागलं, "मला बी बरं वाटायचं. माझं बोलणं आजवर कोणी ऐकलं व्हतं? समदं चर्च ऐकून राह्यलं व्हतं. एक रविवार ऐकावं, मंग सांगावं, असं म्हणत म्हणत ऱ्हाऊन गेलं. आन् ते गेले."

सुमेधाला रविवारच्या सकाळी आठवल्या. आई बाबांना खळ दिलेला पांढरा सदरा घालायची, आणि बाबा डाव्या हाताने खाटेचा पाइप घट्ट धरून ठेवायचे. लकव्यात मूठ अशी आवळते, असं कुठेतरी तिने वाचलं होतं, आणि लकवा तर उजव्या अंगाला होता हे तिच्या मनातच आलं नव्हतं. ती एकेक बोट सोडवायची, हसत हसत, लहान मुलाशी बोलावं तशी. बाबा, सोडा ना, लोक वाट बघतात. करंगळी शेवटी सुटायची. त्या बोटांत केवढा जोर होता. चर्चमध्ये ते आपल्याकडे बघून रडले होते ना, ते ओळखल्याच्या आनंदाने नव्हे. आपली लेक समोर उभी आहे, तिला सांगितलं, हाताने दाखवलं, आणि तिने लोकांकडे तोंड करून काहीतरी भलतंच, गोड गोड सांगितलं, म्हणून रडले होते. आणि तरी पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा हात उचलला होता. पुन्हा पुढच्या रविवारी. दर वेळी त्यांना वाटत असेल, आज कळेल हिला. तिच्या काळजाला घरं पडली. वर्गात ती म्हणाली होती, गुरू गप्प झाला हे शिष्याला सोसत नाही. बाबा गप्प झालेच नव्हते. ते बोलत होते, एवढंच बोलत होते, आणि त्यांच्या बोलण्यावर तिने आपलं सुरेख वाक्य झाकणासारखं बसवलं होतं. त्या म्हाताऱ्या योहानालाही कुणी विचारलं होतं का, की तुला सभेत यायचंय का, तुझे गुडघे दुखतात का, तुला पडून राहायचंय का? त्याने नेमकं तेच वाक्य म्हटलं होतं, का खुर्ची उचलणाऱ्यांनी ऐकलं होतं? आता कोण सांगणार? प्रेमाने माणसाचं एवढं वाटोळं करता येतं, हे तिला कुठल्याच परीक्षेत कुणी विचारलं नव्हतं.

आई उठून मेथी धुवायला गेली. सुमेधाने काकासाहेबांना फोन लावला आणि म्हणाली, की दगडावर ते वाक्य नको, अतिकला थांबवा.

"अतिकनं तर दुपारीच छिन्नी लावली ताई," काकासाहेब म्हणाले. "मी तुमच्या जवाबाची वाट बघितली. तुम्ही बघितल्याच्या निळ्या खुणा आल्या, काही बोलल्या न्हाईत, मंग म्हणलं बराबरच असंल. काही चुकलंय का?"

न बोलणं म्हणजे होकार, असंच या मंडळीत आजवर चालत आलं होतं. त्यात काकासाहेबांचा काय दोष? आई गप्प बसली, ती स्वतः गप्प बसली, आणि बाबांना तर गप्पच धरलेलं.

सकाळी ती आईला घेऊन अंबड रस्त्यावरच्या अतिकच्या आवारात गेली. अतिक मुसलमानांच्या कबरींचे दगड करायचा, ख्रिस्ती लोकांचेही करायचा, आणि दोन्हीकडच्या मेलेल्या माणसांविषयी सारख्याच आदबीने बोलायचा. काकासाहेब आधीच येऊन स्टुलावर बसले होते. दगड भिंतीला टेकवून उभा होता. अक्षरं खोल, स्वच्छ, आत अजून पांढरी भुकटी. आई जवळ गेली आणि वाक्याच्या पहिल्या अक्षरात तिने बोट घातलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. दार. लोटून. ठेवा. भुकटी तिच्या नखात भरत गेली. सुमेधा अतिकला विचारत होती, की एवढी ओळ काढून टाकता येईल का.

"घासून उतरवता येतं ताई," अतिक म्हणाला, "पन पत्थर पतला होईन, उन्हाळ्यात तडकायचा. आन् रविवारी तर बसवायचाय. इबारत काही गलत झाली का? आमच्या अम्मीला वाचून दाखवली, ती म्हणली, लई नेक आदमी असंल."

"नेक होते," आई म्हणाली. तिने बोट शेवटच्या रेघेवर, ‘पाळकबाबा’वर आणून थांबवलं. "राहू दे सुमे. त्यांच्यासाठीच म्हणत व्हते ना मी ते. मंग त्यांचंच झालं."

सुमेधाचे डोळे भरून आले. हे वाक्य आता कुणी काढू शकणार नव्हतं. सगळे ते वाचतील, मान डोलावतील, फोटो काढतील, आणि बाबांचा दाराकडे केलेला हात त्याखाली कायमचा गाडला जाईल. आई अजून दगडाशीच उभी होती. तिने पदराने ती अक्षरं पुसली, आणि दगडाकडे बघतच म्हणाली, "बसवताना तोंड कबरस्तानाच्या फाटकाकडं करा म्हणावं."

"असं कसं पुष्पाबाई," काकासाहेब स्टुलावरून अर्धे उठले, "समदे दगड उगवतीकडं तोंड करून हायत. एकटा पाळकबाबांचा उलटा दिसंल."

आई पुन्हा काहीतरी बोलली, पण पलीकडे कुणीतरी कटर सुरू केला आणि तिचे नुसते ओठ हललेले दिसले, चर्चमध्ये गाताना हलायचे तसे. अतिक कानामागे हात नेऊन सुमेधाकडे बघायला लागला. काकासाहेबही बघायला लागले. तेच वाट बघणारे चेहरे. तिच्या ओठांवर सवयीने आलेच होते ते दोन शब्द, बाबा म्हणतात. ते तिने गिळले. ती आईजवळ गेली, आईच्या तोंडाशी कान नेला, सगळं नीट ऐकून घेतलं, आणि कटरच्या आवाजाच्या वर आवाज काढून म्हणाली,

"आई म्हणते, तोंड फाटकाकडे करा. बाबांना घरी यायचं होतं."